गरुडाचं आठवं पीस

प्रिय साडूभाऊ,

नमस्कार. वयाने आणि नात्याने मोठा असूनही आधी नमस्कार मीच करतो, कारण मागच्या पत्रात तो मी मुद्दाम गाळला होता आणि ते तुमच्या नजरेतून सुटलं नसणार. तो राहिलेला आणि हा आजचा, दोन्ही एकदमच घ्या. पुढे 'इकडे सर्व ठीक' असं लिहायची आपली रीत आहे, पण इकडे जे काही ठीक आहे ते फक्त भिंतीवरचं घड्याळ, आणि तेही दहा मिनिटं मागे आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? जिन्यावरून उतरताना अजून वाजतात का? धाकटीचा थंडीतला खोकला गेला का? (ती औषध घेत नाही, बाटली भरलेली दिसू नये म्हणून रोज एक चमचा मोरीत ओतते, हे मला हिने सांगितलं होतं. माझं नाव सांगू नका.)

हे पत्र माझ्या अक्षरात आहे हे पाकिटावरूनच कळलं असेल, म्हणजे ते न फोडता चुलीत घालण्याची सोय तुम्हाला होती. फोडलंत, हे तुमचे उपकार. आता उभ्याने वाचत असाल तर खाली बसा, कारण मला थोडक्यात सांगता येत नाही. सांगायचं ते एवढंच आहे : अकरा महिन्यांपूर्वी मी तुम्हाला चोर म्हटलं. चाळीस वर्षांचं नातं चौदा ओळींत मोडलं, आणि त्या ओळी मी तीन वेळा शुद्धलेखनासाठी तपासल्या होत्या. तो शब्द मला परत घ्यायचा आहे. तुम्ही घेऊ द्याल का, हे मला माहीत नाही. बाकीची पानं ही त्या एका वाक्याची टिपणं आहेत असं समजा.

आता तुम्हाला ठाऊक असलेलंच मी पुन्हा सांगणार. माझा इलाज नाही. पस्तीस वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. जुळाऱ्याला मधली ओळ आधी लावता येत नाही. तर आपले सासरे बोटीवर आचारी होते. दर सफरीहून परत येताना ते चांदीचे दोन जुने डॉलर आणायचे, एक थोरलीला (हिला) आणि एक धाकटीला, म्हणजे भांडण नको. बारा सफरी, चोवीस नाणी, सगळी बिस्किटांच्या एकाच डब्यात. मुलींनी त्यावरून कधी भांडण केलं नाही. ते काम त्यांनी जावयांसाठी ठेवलं. एका बाजूला बाईचं तोंड, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. त्यांतल्या एकाच नाण्यावर गरुडाच्या शेपटीला सातऐवजी आठ पिसं होती. कुणा खलाशाने ते सासऱ्यांना दाखवलं आणि सासऱ्यांनी घरी येऊन जाहीर केलं की आठ पिसांचं थोरलीचं, कारण घरातलं एक काम तिला नेहमी जास्त पडतं. तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती. ती दोन दिवस जेवली नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी जेवली, पण थोरलीच्या ताटातलं.

पुढे सासरे गेले, दोघी बहिणी डबा मधे घेऊन बसल्या आणि 'एक तुला, एक मला' करत बारा-बारा वाटून घेतली. कुणी पिसं मोजली नाहीत. त्या वाटणीच्या आदल्या रात्री डबा तुमच्या घरी होता. (हे वाक्य मागच्या पत्रात मी अधोरेखित केलं होतं. आज ते फक्त माहिती म्हणून वाचावं.)

हिने जायच्या आठवडाभर आधी मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही मोठं सांगणार. म्हणाली, "ते आठ पिसांचं धाकटीला द्या. इतकी वर्षं द्यायचं द्यायचं म्हणून राहिलं." मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "आणि मोजून द्या, तुम्ही धांदरट आहात." मला धांदरट म्हणणारं माणूस जगात एकच होतं. बाकी सगळे मला काटेकोर समजतात.

ही गेल्यावर तुम्ही दोघं दहा दिवस राहिलात, मग गेलात. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी, दोन खुर्च्या आणि एक टेबल. एका खुर्चीवर बसून दुसऱ्या खुर्चीकडे किती वेळ पाहत बसणार? म्हणून तिसऱ्या महिन्यात तिची बारा नाणी काढली आणि शब्द पुरा करायला बसलो. पहिल्या नाण्यावर सात पिसं. दुसऱ्यावर सात. अशी बाराच्या बारा. उजेडात नेऊन मोजली, दिव्याखाली मोजली, सकाळी उपाशीपोटी मोजली. उडत्या पाखराची पिसं मोजणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. मला तर नाण्यावर बसलेल्या पाखराची जुळेनात. मेलेल्या बायकोचा शेवटचा शब्द, आणि तो पुरा करायला वस्तूच जागेवर नाही. माणूस अशा वेळी कुणाला तरी शोधतो, साडूभाऊ. ज्याच्या घरी डबा एक रात्र होता असा माणूस आयताच मिळाला. त्याच बैठकीत ते पत्र लिहिलं.

बाराव्या दिवशी तुमचं पार्सल आलं. आत तुमची बाराही नाणी, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेली, आणि चिठ्ठी नाही. मी कागद उलटेपालटे करून पाहिले, कोपऱ्यात कुठे शिवी तरी असेल म्हणून. नव्हती. वरची सुतळी धाकटीने बांधलेली होती, हे गाठीवरून कळलं. हिची गाठही तशीच असायची, दोन वेळा फिरवून आतून काढलेली. आमच्या घरात सुतळी कापायची नाही असा नियम होता, सोडवून गुंडाळून ठेवायची. ती गाठ सोडवायला मला पाऊण तास लागला. दुसऱ्या कुणालाही त्या पाऊण तासात लाज वाटली असती. मला काय वाटलं सांगतो, आणि सांगताना खाली पाहतो. मला वाटलं, पाहा! मन खात होतं म्हणूनच परत केली! तुमच्या बारांचीही पिसं मोजली. सात, सात, सात. तेव्हा मी असा निष्कर्ष काढला की आठ पिसांचं तुम्ही केव्हाच कुठेतरी खपवलंय आणि उरलेली अकरा व त्यात एक भरतीचं माझ्या तोंडावर मारलंय.

आता ते नुसतं म्हणून चालणार नव्हतं, सिद्ध करायला हवं होतं. भरतीचं नाणं कोणतं ते ओळखायचं तर विद्या शिकणं आलं. मी शाळा सातवीत सोडली, पण जे काही शिकलो ते चुकीचं कारण मनात धरून शिकलो आणि बरोबर शिकलो. (व्याकरण मी एका मुकादमाला हरवायला शिकलो होतो.) वाचनालयातून जुन्या डॉलरांच्या ठशांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. परक्या भाषेतलं, पण परकी अक्षरं मी अर्थ न कळता उलटी जुळवत आलोय, तेव्हा सुलटी वाचायला काय हरकत? शब्दकोश मांडीवर घेऊन रोज दीड पान. शेजारीणबाईंनी पहिल्या आठवड्यात दोनदा दार वाजवून विचारलं, "बरे आहात ना?" तिसऱ्यांदा मी नाण्याचं पुस्तक दाखवलं, तर म्हणाल्या, "असू दे, काहीतरी लागतंच माणसाला," आणि त्या दिवसापासून माझ्याशी मोठ्याने बोलायला लागल्या, जसं ऐकू न येणाऱ्याशी बोलतात.

तुम्हाला कंटाळा येणार नाही इतपत सांगतो. नाणं ठशाने उमटतं. पोलादाचा ठसा, त्याच्याखाली चांदी, वरून दाब. एका ठशातून हजारो निघतात, मग ठसा झिजतो, दुसरा घेतात. त्या काळी ठशावरची तारीख कारागीर हाताने ठोकायचे. हात जरा हलला की आकडा दोनदा उमटायचा. एका गावच्या टाकसाळीचं अक्षर पुसून दुसऱ्या गावचं ठोकलं तर पहिल्याचं भूत खालून डोकावतं. ठसा तयार करतानाच सरकला तर बाईचा कान दुहेरी, ओठ दुहेरी. ठशाला तडा गेला तर बाईच्या गालावर ओरखडा. म्हणजे एकाच वर्षाचं, एकाच टाकसाळीचं नाणं, पण ठसा कोणता ते असल्या बारीक खोडींवरून ओळखायचं. कारागिराच्या चुकांवरून त्याच्या हाताची ओळख! मला ती विद्या एकदम घरची वाटली. मोडका खिळा कुठल्या पानावर आला आहे हे मीही असंच ओळखायचो. पिसांचंसुद्धा असंच : आधी आठ केली, मग कुणाला तरी सात हवीशी वाटली, तेव्हा काही जुन्या ठशांवर आठांच्या वरच सात ठोकली, आणि आठांची टोकं खालून डोकावत राहिली. मोठ्या साहेबांचं मन बदललं की खालच्या माणसाने काय करायचं, हे टाकसाळीत आणि छापखान्यात सारखंच दिसतं.

भिंग आणलं, पण पुरेना. मग माझ्या चष्म्यावर हिचा चष्मा चढवला आणि त्यावर भिंग धरलं, तेव्हा गरुड जरा जवळ आला. हिच्या चष्म्याची डावी दांडी सैल आहे, ती मी दोऱ्याने कानामागे बांधायचो. अशा अवतारात मी सहा महिने बसलो. त्या बाईचं तोंड मी किती पाहिलं! कपाळावरच्या बटा मोजल्या, कानाची पाळी तपासली, ओठांच्या कडा तपासल्या. आणि एका दुपारी सहज मनात आलं की हिच्या कानाचं एक भोक दुसऱ्यापेक्षा जरा खाली होतं, लहानपणी टोचणाऱ्याचा हात हलला होता म्हणून. डावं की उजवं? आठवेना. फोटो काढले, तर प्रत्येक फोटोत ही मान वळवून दुसरीकडेच पाहतेय, नाहीतर पदर. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या बाईच्या कानाचे दोन ठसे मला तोंडपाठ, आणि हिचा कान आठवेना. त्या दिवशी भिंग खाली ठेवलं ते चार दिवस उचललं नाही. धाकटीला विचारायचं होतं, पण कोणत्या तोंडाने?

मग झाली ती मुख्य गफलत. तुमची नाणी तुमच्या कागदांत होती, हिची डब्यात. तुलना करायची म्हणून एकदा सगळी टेबलावर मांडली. माझ्याकडे छापखाना बंद झाला तेव्हाची एक जुनी खिळ्यांची पेटी आहे, लहान लहान खणांची; तुम्ही पाहिली आहे, हिने त्यात बटणं ठेवली होती. बटणं काढली आणि नाणी खणांत लावायला लागलो, या वर्षाची या खणात, त्या टाकसाळीची त्या खणात. तुम्हाला माहीत नसेल, पण मजकूर छापून झाला की जुळारी फर्मा, म्हणजे जुळवलेलं पान, सोडतो आणि एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकतो. 'क' कवितेत होता की पत्रिकेत, हे खणाला कळत नाही. हात इतका सवयीचा होतो की डोळे मिटून टाकतो. तसंच झालं. रेडिओवर बातम्या चालल्या होत्या, मी हातातली नाणी टाकत गेलो, आणि हवामान संपलं तेव्हा टेबल रिकामं होतं. चोवीसच्या चोवीस वर्षावारी नीट लागली होती. तुमची कोणती आणि हिची कोणती हे आता कुणालाही सांगता येत नाही, पोलिसांनाही आणि मलाही. पस्तीस वर्षांत मी एकही खिळा चुकीच्या खणात टाकला नव्हता. या वेळीही टाकला नाही, साडूभाऊ. तेच तर दुखणं आहे.

मुद्दाच संपला होता. भरतीचं नाणं शोधायला दोन ढीग वेगळे हवे होते आणि ढीगच राहिले नाहीत. शहाण्याने तिथे थांबायचं. पण नेमक्या त्याच सुमारास मला शोध लागला की आपली नाणी दुर्मीळ आहेत! भिंगाखाली अक्षरं दुहेरी दिसत होती. तारखा दुहेरी, बाईचे ओठ दुहेरी, गरुडाची चोच दुहेरी. एक नाही, दोन नाही, चोवीसच्या चोवीस दुहेरी ठशाची! पुस्तकात असलं नाणं शेकड्यात एखादं, आणि आपल्या सासऱ्यांनी बोटीवरच्या भांड्यांमधून सगळीच आणली. मी वही केली. एकेका नाण्याला एक पान, चित्रासकट. (याच दिवसांत मी वर्तमानपत्राच्या संपादकांना तीन पत्रं लिहिली, की तुमच्याकडे छपाई करताना कागद सरकतो, प्रत्येक अक्षराला सावली पडते, हा काय धंदा आहे. त्यांचं एकदा उत्तर आलं, अतिशय नम्र. तेही पुसट आणि दुहेरी छापलेलं होतं.)

मागल्या पंधरवड्यात वही आणि पेटी घेऊन नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात गेलो. चपला दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे, दुसऱ्या रविवारी दहाबारा माणसं जमतात, सगळी खाली मान घालून. त्यांच्यातली सर्वांत जाणकार एक दाताची डॉक्टरीणबाई आहे, माझ्या अर्ध्या वयाची. तिने वही पाहिली, खूप वेळ पाहिली. मला वाटलं, गहिवरली.

"काका, चोवीसच्या चोवीस?"

"चोवीसच्या चोवीस."

"एवढी एका डब्यात कुणाकडेच नाहीत हो." (मी खुर्चीत जरा ताठ झालो.) "पिसं किती वेळा मोजलीत?"

"चारशे वेळा तरी."

"आणि दर वेळी सात?"

"कधी सात. कधी साडेसात."

तिने नाणं खाली ठेवलं आणि दात काढायच्या आधी बोलत असेल तशा आवाजात म्हणाली, "काका, डावा डोळा झाका आणि ते समोरचं कॅलेंडर वाचा." मी म्हटलं, वाचतो, पण त्याची छपाई भिकार आहे, आकड्यांना सावल्या पडल्यात, आमच्या छापखान्यात असं कुणी केलं असतं तर मुकादमाने कान धरला असता. खोलीतल्या सगळ्यांनी नाण्यांवरून माना वर केल्या. मग ती हळूच म्हणाली, "छपाई चांगली आहे, काका."

साडूभाऊ, शिव्या खाऊन माणूस जगतो. हे 'छपाई चांगली आहे' मला अजून पचलेलं नाही. पस्तीस वर्षं माझ्या डोळ्यांवर सगळा छापखाना विसंबून होता.

तिने एकेका नाण्याच्या शेपटीचा फोटो काढून पडद्यावर हाताएवढा मोठा करून दाखवला. मी पडद्याला नाक लावून, पिसावर बोट ठेवून मोजत गेलो. सातव्या खणातल्या नाण्यावर माझं बोट सातवर थांबलं नाही. एक पीस उरलं होतं. पुन्हा मोजलं. आठ. ते इतके महिने माझ्याच घरात होतं आणि मी त्याच्याच नावाने तुम्हाला शिव्या देत होतो.

पण माझं मन कसं आहे पाहा. त्याही क्षणी पहिला विचार आला तो हा, की हे हिच्या डब्यातलं की तुमच्या पार्सलातलं? हिच्या डब्यातलं असेल तर तुम्ही साव. पार्सलातलं असेल तर... आणि हे मी मूर्खासारखं त्या बाईपुढे बोललो, सगळी हकीकत सांगितली, शेवटच्या शब्दासकट. तिने पेटी बंद केली आणि म्हणाली, "पण काका, ते द्यायचं कुणाला होतं?"

"धाकटीला."

"म्हणजे साडूंच्या घरी?"

"हो."

"मग?"

एवढंच. "मग?" मी पेटी काखेत मारून बाहेर आलो आणि जिन्यात, चपला दुरुस्तीवाल्याच्या ठोकण्याच्या आवाजात, तिथेच पायरीवर बसलो. जे तुमच्याच घरी पोचवायचं होतं ते तुम्ही चोरलंत म्हणून मी तुम्हाला तोडलं. समजा तुम्ही वाटणीच्या आदल्या रात्री खरंच ते नाणं बदललं असतं, तरी ही म्हणाली असती, बरं झालं, पोस्टाचा खर्च वाचला. मला जन्मभर धांदरट म्हणणारी ती एकटीच का होती, हे मला त्या पायरीवर कळलं. बाकीच्यांनी मला नुसतं शुद्धलेखनात पाहिलं होतं.

तेव्हा आता तुम्ही निर्दोष आहात याचा माझ्याकडे काहीही पुरावा नाही, आणि कधी मिळणारही नाही; तो मीच खणांत टाकून बसलोय. पुराव्याशिवाय सांगतो : तुम्ही घेतलं नव्हतं. मला हे अकरा महिन्यांपूर्वी माहीत असायला हवं होतं. ज्या माणसाने माझ्या बायकोला शेवटच्या दिवसांत तीन मजले खुर्चीसकट उचलून उतरवलं, दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि वर येऊन 'वजन काहीच नाही हो' एवढंच म्हणून तोंड धुवायच्या निमित्ताने नळ पंधरा मिनिटं सोडून ठेवला, त्या माणसाची पिसं मोजायला मी बसलो. मला क्षमा करा. हे वाक्य लिहायला बारा पानं लागली. नीट लावता येत नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, उजव्यातला पिकलेला. (आयुष्यात दुसरं काही पिकलं नाही, तेव्हा तक्रार करत नाही.) म्हणाले, एकाच डोळ्याने दोन-दोन दिसायला लागतं ते यामुळेच, आणि इतके दिवस तुमच्या लक्षात कसं नाही आलं? मी म्हटलं, घरात एकटाच असतो, एकाचे दोन दिसले तर वाईट वाटत नाही. तपासताना त्यांनी हिचा चष्मा हातात घेऊन विचारलं, हा कुणाचा? मी माझाच म्हणून सांगितलं.

माझी काळजी करू नका. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया किरकोळ आहे, तासाभरात घरी सोडतात, हल्ली सगळेच करून घेतात. मला कुणाची गरज नाही. शेजारीणबाई आहेत, त्या मोठ्याने बोलतात, म्हणजे डोळे बांधलेले असले तरी कुठे आहेत ते कळतं. तुमच्या दोघांचा राग जायला हवा तितका वेळ लागू द्या. धाकटीला आशीर्वाद. तिला घ्यायचे नसतील तर तुम्ही ठेवून घ्या, पुढे केव्हातरी द्या.

तुमचा, अजून असलो तर,
साडू

ता. क. १. नाणी या पत्रासोबत पाठवलेली नाहीत. पाठवायची म्हणून आठ पिसांचं वेगळ्या कागदात बांधलं, वरून सुतळीही घेतली, पण ती गाठ मला येत नाही. आणि उरलेली तेवीस कशी वाटायची? तुमची बारा कोणती ते तुमच्याशिवाय (आणि खरं तर तुमच्यासकट) कुणालाच ठरवता येणार नाही. धाकटीने यावं, पेटीपुढे बसावं आणि हवी ती उचलावीत. मी बघणार नाही. बघितलं तरी दिसणार नाही.

ता. क. २. तारीख पुढल्या महिन्याच्या सहाची मिळाली आहे, सकाळी आठ. तिथे एक अर्ज असतो, त्यात 'सोबत येणारी व्यक्ती' असा रकाना आहे. तो कोरा ठेवला तर तारीख देत नाहीत. काउंटरवरच्या बाईने विचारलं, कोण येणार? मी तुमचं नाव दिलं. तोंडातून निघून गेलं. नातं? म्हटलं साडू. ती म्हणाली, यादीत साडू नाही. मुलगा, मुलगी, पत्नी, भाऊ, यातलं सांगा, मागे रांग आहे. मी म्हटलं, भाऊ लिहा. अर्ज शाईने भरलेला आहे आणि खाडाखोड चालत नाही असं वर छापलंय, हे फक्त कळवतो. आग्रह नाही.

ता. क. ३. वरच्या पानावर किरकोळ लिहिलं आहे ते डॉक्टरांचं मत. मला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढतात तेव्हा म्हणे समोर ओळखीचं माणूस बसवतात, म्हणजे दिसतंय की नाही ते लगेच कळतं. शेजारीणबाईंचा चेहरा मी अकरा महिन्यांत नीट पाहिलेलाच नाही, तेव्हा त्या बसल्या आणि मी ओळखलं नाही तर दोष डोळ्यांचा की माझा, हे डॉक्टरांना कसं कळणार? मला पक्का ओळखू येईल असा चेहरा आता तुमचाच. राग गेला नसेल तर तसेच या. चिडलेले तुम्ही मला लांबूनसुद्धा ओळखू येता.